चोकची तार

जानेवारीत तीन-चार दिवस शिवडीलाही थंडी पडते.
तेवढ्यासाठी मी एक स्वेटर जपून ठेवलाय
आणि गाडीनं चोक.

चोक म्हणजे डॅशबोर्डखालचा काळा नॉब.
तो खेचला की तार, तारेनं झडप,
इंजिनाला हवा कमी, पेट्रोल जास्त.
गारठलेल्या पोटी त्याला एवढंच पचतं.

गेल्या चैत्रात जुना कार्बोरेटर गेला.
झिजून पाझरायचा; पार्किंगमधले डाग बघून
सेक्रेटरी देवस्थळी चिठ्ठ्या पाठवायचे.
घोडपदेवच्या परकार मिस्त्रींनी दुसरा बसवला,
ऑपेरा हाऊसहून आणलेला, कोरा करकरीत,
चौऱ्याहत्तरच्या फियाटला 'चालेल' असा.
चालेल आणि चालतं यांच्यामध्ये
एक पॅकिंग, दोन वॉशर, सहाशे रुपये मजुरी.

तेव्हापासून रोज सकाळी नॉब खेचते,
तीनपर्यंत मोजते, किल्ली फिरवते.
गाडी सुरू.
मला वाटायचं, आमचं जमलंय.

आज साडेसोळा डिग्री.
सेल्फ कण्हला, थांबला, कण्हला.
नॉब पूर्ण बाहेर आणि खेचताना हाताला
कसलाच विरोध नाही.
बॉनेट उघडलं तर तारेचं दुसरं टोक
हवेत. कुठेही जोडलेलं नाही.

"बाई, त्याच्या खिटीपर्यंत आपली तार पोचत नव्हती,"
फोनवर परकार, आवाजात लाज वगैरे नाही.
"म्हटलं, मुंबईत कुठे लागतोय चोक."
म्हणजे नऊ महिने
मी नुसतीच खेचत होते
आणि ती आपली आपण सुरू होत होती.

"आता फिल्टर काढा. तोंडावर हात ठेवा,
कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा."

तोंडावर हात.
एकतीस वर्षं परळच्या इस्पितळात भूल देत होते मी.
डाव्या हातानं मास्क, करंगळी जबड्याच्या कोनात,
उजव्या मुठीत काळी पिशवी,
तिच्यात कुणाचा तरी श्वास भरतोय, रिकामा होतोय.
शंभरपासून उलटं मोजा, म्हणायचं.
ब्याण्णवच्या खाली फार थोडे उतरले.
नीट डोळे उघडायचे तेव्हा ते वॉर्डात, आपापल्या माणसांत,
आणि मी पुढच्या टेबलाशी.

वरच्या मजल्यावरची जुईली, शाळेच्या गणवेशात,
स्टिअरिंगमागे बसली.
न्यूट्रल आहे ना? हलवून बघ.
मार.

कार्बोरेटरनं तळहात आत ओढून घेतला.
बऱ्याच दिवसांत इतक्या जोरानं
कुणी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.
बोटांच्या बेचक्यांत पेट्रोल, बर्फासारखं.
खोकली.
हात कडेनं जरासा उचलला, पुन्हा टेकवला.
करंगळी आपोआप जबडा शोधत गेली,
तिथे नुसता नट.
पुन्हा मार. सोडू नकोस.
एक फुत्कार, काळा धूर,
मग अडखळत, एकेक सिलिंडर आठवत
ती बोलायला लागली.

देवस्थळींची खिडकी आपटून बंद झाली.
"शाळेत सोडाल? बस गेली माझी," जुईली म्हणाली.

फिल्टर लावला, हात पुसला. वास जाईना.
आत बसले आणि थोड्या वेळानं
नॉब हळूच आत ढकलला.
इंजिन तापलं की
तो ढकलायचा असतो.