स्टेपल

चाळीस वर्षं जिनिंगमध्ये आप्पांनी
चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून
ओढला, मोडला, पुन्हा ओढला
आणि सांगितलं : अठ्ठावीस. कवडी जास्त. बाजूला काढा.
मशीन आलं तरी धरणगावचे व्यापारी
आधी सुपडू आप्पांच्या अंगठ्यांकडे बघत.

आता त्यांचाच चिमूटभर तुकडा
मेणाच्या ठोकळीत, माझ्या खिशात.
मे महिना. जळगावच्या एसटीत
खिशावर सावलीसारखा हात धरून बसलो,
मेण वितळलं तर?

घरी आम्ही त्या जागेचं नाव घेत नाही.
आई शेजारी सांगते, पोटाचं आहे.
आत्या अजून मूळव्याधीवरच अडलेली.
रिपोर्ट तेवढा लाजत नाही :
गुदाशय, काठापासून सहा सेंटिमीटर,
यकृतात एक ठिपका, हरभऱ्याएवढा.

सीईए एकोणीस होता, पंचवीस लाइटींनंतर सहा.
आई तो कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या हिशेबाशेजारी.
एका महिन्यात दोन्हींची बेरीज झाली
आणि गवळ्याला सहा रुपये जास्त गेले.

लॅबमध्ये फिरदौस पिंजारी.
आडनाव सांगितलं तर फोनवर आप्पा :
"कोन्ता गावनी शे ती?"
एरंडोलची. आजोबा गाद्या पिंजायचे.
"मंग दे तिले. तिले धागा समजी."
तिनं ठोकळीचा काप घेतला,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
कोमट पाण्यावर तरंगवला, काचेवर उचलला.
बाकीचं मुंबईला गेलं.

सोळा दिवसांनी कागद आला.
केआरएएस : बदल आढळला.
डॉक्टर नेहेते पेनाचं टोपण काढत, लावत म्हणाले,
बदल नसता तर त्याला वाइल्ड म्हणतात,
मग ते महागडं इंजेक्शन चाललं असतं.
"म्हणजे रानटी तो पास," आप्पा म्हणाले,
"अन् मी नापास."

मी भिंतीला टेकलो.
ते नाही टेकले.
"गठाण नापास आहे हे गाडी भरायच्या आधी
कळालेलं बरं. दुसरं काय आहे ते द्या."
दुसरं होतं. डॉक्टरांनी लिहून दिलं.
मग त्यांनी धंद्यातला प्रश्न विचारला :
"लांबी किती?"
"ती ह्या कागदावर नसते, आप्पा."

परतताना जिनिंगच्या रस्त्यावर
बाभळीच्या काट्यांना गाड्यांचा कापूस अडकलेला,
धुळीनं मळलेला, गेल्या हंगामाचा.
आप्पांनी चिमूटभर काढला.
ओढला, मोडला, पुन्हा ओढला.
मी थांबलो.
आकडा सांगितला नाही त्यांनी.