अकराचा माग

आम्ही बावीस जण, पिवळ्या टोप्या.
मगदूम सर मोजतात
चढताना, उतरताना, रस्ता ओलांडताना,
आणि एकदा तर नुसतंच, उभ्या उभ्या.
अभ्यास सहल, मँचेस्टर, दिवस चौथा.
इचलकरंजीला म्हणतात ना महाराष्ट्राचं मँचेस्टर,
म्हणून आलोय बघायला
थोरली बहीण कशी नांदते.

बरी दिसते बहीण.
लाल विटांच्या गिरण्यांत आता लोक राहतात,
बॉयलर होता तिथं कॉफी मिळते,
धुराड्याच्या तोंडाशी एक झाड आलंय
तिरकं, कुणी न लावलेलं.
वर्कशीटवर प्रश्न सहावा:
गिरण्या बंद का पडल्या? तीन कारणे लिहा.
अर्शियानं बसमध्येच लिहून टाकली.
तिसरं कारण आपणच निघालो.
ती खोडायला लागली, मी म्हटलं, राहू दे.

चार रात्री मला झोप नाही.
हॉस्टेलच्या खोलीत एवढी शांतता
की कान आपलंच काहीतरी ऐकत बसतात.
घरी भिंतीपलीकडं आठ माग.
वीज गेली, की आम्ही दचकून जागे होतो.

अकरा वाजता संग्रहालयात माग सुरू करतात,
रोज दहा मिनिटं, पाहुण्यांसाठी.
दोरीच्या आत उभा होता, तेलपाणी केलेला,
नवरदेवासारखा अवघडलेला.
शेजारी नॉर्मन नावाचा म्हातारा, छातीवर बिल्ला.
त्याचं इंग्रजी निम्मं गालातच राहायचं.
बोलून झालं,
त्यानं खटका ओढला.

खटाक् खट् खटाक् खट्
कुठल्याशा शाळेची पोरं कानांत बोटं घालून किंचाळली,
सरांनी टोपी कानांवर ओढली,
आणि मला,
काय सांगू,
जांभई आली.
डोळ्यांत पाणी आणणारी,
चार रात्रींची.

मग ऐकू आलं: डावीकडचा ठोका लंगडतोय.
धोटा पोचतो, पण उशिरा,
आमचा पाच नंबर पट्टा ढिला झाल्यावर करतो तसा.
सांगायचं कसं?
मी ओठ हलवले, बिनआवाजी, मोठे मोठे,
आई मागावरच्या बाबांना जेवायला बोलावते तसे,
आणि डावं मनगट हलवून दाखवलं: पट्टा. ढिला.
म्हातारा माझ्या तोंडाकडं बघत राहिला.
मग त्याचेही ओठ तेवढेच मोठे झाले,
बिनआवाजी:
कुठल्या गिरणीतली गं तू?
कुठल्या भाषेत, ते विचारू नका.

सातव्या मिनिटालाच त्यानं माग थांबवला.
पाना आणला, पट्टा आवळला.
ताण्याचा एक धागा तुटला होता,
त्यानं दोरीची कडी काढून मला आत घेतलं.
"माणगावे, कशालाही हात लावायचा नाही!"
सरांचं वाक्य पुरं होईतो गाठ मारून झाली होती.
म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर सरकवून ती बघितली,
खिशातल्या सुतावर आपली मारून दाखवली.
डावखुरा होता.
बाकी तीच.

बावीस भरले. बस निघाली.

रात्री बाबांशी बोलले. तिकडं पहाटेचे तीन,
रात्रपाळी, आठही चालू, ते ओरडून:
"बघितलास? चालतो का?"
चालतो. दहा मिनिटं.
"आणि मग दिवसभर?"
पुसतात.
बाबा गप्प.
मग कुणाला तरी, मला नव्हे:
"पाच नंबर बघ रे, लंगडतोय."
आणि मला: "ठेवू?"

नका ठेवू, म्हटलं.
असाच राहू द्या फोन, मागाच्या कडेला.
उशीजवळ ठेवला.
प्रश्न सहावा भरायचा होता अजून,
पेन हातातच होतं,
खटाक् खट्