डावीकडचा पटाशीचा

वरचा. डावीकडचा. पटाशीचा.
त्याच्या कडेला एक खाच आहे,
जाळ्याच्या दोऱ्याएवढीच रुंद.
एकेचाळीस वर्षं त्याच जागी धरून
मी दोरा तोडत आले.
कात्री होती की गळ्यात, अजून आहे,
मालकानं लाल फितीत ओवून दिलेली.
पण दोन्ही हात जाळ्यात गुंतलेले असतात
आणि तोंड रिकामं.

तडकला मात्र दोऱ्यानं नाही,
भाजलेल्या चेस्टनटनं,
नोव्हेंबरात, भाचीच्या घरी, हसता हसता.
शिंपल्यावर पाय पडावा तसा आवाज.
तो फक्त मलाच ऐकू आला
आणि मी हसतच राहिले.

डॉक्टर शियाना. मला मुलगी असती
तर हिच्याच वयाची असती.
राखाडी फोटोत तिनं दाखवली
केसाएवढी काळी रेघ.
म्हणाली, सेन्योरा दोरिंदा, इथवर दिसते.
पुढं मुळात उतरलीय का,
ते उघडल्याशिवाय कळायचं नाही.
वाचवायचा तर चार खेपा, नस साफ करायची, वर टोपी,
सातशे ऐंशी युरो, आणि खात्री नाही.
काढायचा तर आरोग्य केंद्रात जा. फुकट.
मी पुन्हा विचारलं.
हो, म्हणाली, उपटून सरकार देतं,
वाचवायचा तुमचा तुम्ही.
आणि स्वतःच लाजल्यासारखी
खुर्चीचं बटण दाबत राहिली,
मी पुरती उठून बसले तरी.

माल्पिकाच्या धक्क्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये,
आम्ही सहा जणी.
अंपारो म्हणाली, काढ बाई,
आणि कवळी तळहातावर घेऊन दाखवली:
हिला ना ऊन, ना थंडी, ना नवरा.
ओबदुलिया म्हणाली, पुढचा दात गं, हसशील कशी?
जशी काही मला हसण्याचीच मजुरी मिळते.
धाकटी नेरेआ काहीच बोलली नाही.
सातशे ऐंशी म्हणजे किती दिवस,
तिनं चिठोऱ्यावर मांडून माझ्या हातात ठेवलं.
मी ते उलगडलं नाही.

काम शिकवलं मला कारमिन्यानं.
ती सांगायची, भोक शिवायचं तर आधी मोठं कर.
कुजल्या कडेला गाठ मारलीस
तर पहिल्याच ओढीला गाठीसकट जाईल.
कापत जा, दोरा ताण सोसेल तिथवर.
आणि कुठंच सोसत नसेल तर?
मी तेव्हा एकोणीस वर्षांची, विचारून बसले.
ती सुईत दोरा भरत राहिली.
मला वाटलं, तिला ऐकू आलं नाही.

मी काढायला सांगितला.

शेडमध्ये म्हटलं, एवढे पैसे कुठून आणू.
सगळ्यांनी माना डोलावल्या,
अंपारोनं सरकारला दोन शिव्या हासडल्या,
विषय मिटला.
पैसे होते. बिस्किटांच्या डब्यात, आठशेच्या वर.
खरं इतकंच की
बोटीमागून बोट फाटलेलं आणून माझ्यापुढं टाकते,
म्हणते, एवढा हंगाम निघू दे, दोरिंदा,
आणि मी काढते.
एकदा तरी वाटलं,
कुणी म्हणावं, राहू दे.
कुणी म्हणत नव्हतं,
म्हणून मीच म्हटलं, माझ्याच एका दाताला.

दहा मिनिटं. उजव्या हातानं मी खुर्ची धरली होती,
डाव्यात कात्री, कशी आली कोण जाणे.
त्यांनी तो कापसात गुंडाळून दिला.
खाच तशीच. रेघ मुळापर्यंत गेलेली का,
मी पाहिलं नाही. पाहणारही नाही.

आता दोरा कात्रीनं कापते.
प्रत्येक वेळी तोंडाकडे नेते, मग खाली आणते.

आणि रात्री, दिवा विझल्यावर,
जीभ उठते. त्या रिकाम्या जागेशी जाते,
एक कड चाचपते, मग दुसरी,
पुन्हा पहिली.
मी तिला सांगते, झोप आता, सुट्टी आहे.
ऐकत नाही. एकेचाळीस वर्षं
माझ्याच तोंडात राहिलेली ती,
भोक दिसलं की
तिला दुसरं काय सुचणार.