खवट

नळीवर नाव लिहायचं नसतं, फक्त क्रमांक. एकेचाळीस.
तरी मला ठाऊक आहे, ताउनो.
कल्लावेसी सरोवरातल्या बोटींची इंजिनं
चाळीस वर्षं उघडली, पुसली, मिटली त्यानं.
उद्या त्याची छाती उघडायची.

रक्त काढताना म्हणाला, "एवढं कशाला?"
मी सांगितलं : लोणी खवट होतं ना,
तसे रक्तातले चरबीचे कणही खवटतात,
धमनीच्या भिंतीत शिरून बसतात.
मग शरीर आपल्याच कणांना ओळख देत नाही,
त्यांच्यावर प्रतिपिंडं सोडतं.
ती मोजायचीत.

"म्हणजे गंज."
गंज त्याला अर्ध्या शब्दात कळतो.
मग जरा थांबून,
"जास्त निघाली तर चांगलं, की वाईट?"

कुओपिओत दुपारी तीनलाच अंधारून आलं होतं.
कुणी म्हणतं, ती राखण करतात.
कुणी म्हणतं, आगीपाशी गर्दी दिसली
म्हणून ती विझवायलाच आली असेल, असं थोडंच आहे?
मी म्हटलं, "माहीत नाही."
हे त्याला आवडलं असावं. बाही खाली ओढत म्हणाला,
"हेल्वी असती तर काहीतरी ठोकून दिलं असतं तिनं.
तळघरात तिच्या हातचा लोण्याचा डबा आहे अजून.
कडेनं काळवंडलाय.
टाकवत नाही."

हृदय सत्तावन्न मिनिटं थांबलेलं होतं.
तेवढा वेळ यंत्र फिरत राहिलं
आणि यंत्रातून आलेल्या नमुन्यात
प्रतिपिंडं निम्म्यावर :
रक्तच पातळ झालेलं, दुसरं काही नाही,
असं मी वहीत लिहिलं.

शहाण्णव खळग्यांच्या ताटलीत
निळं पाणी आम्लाच्या थेंबासरशी पिवळं होतं.
एकेचाळीसचा खळगा शेजाऱ्यांपेक्षा गडद.
मी दोनदा मोजला.
आकडा तोच.

तीन महिन्यांनी तो आला, छातीवर उभा व्रण,
चालताना हात अजून तिथंच.
प्रतिपिंडं पुन्हा होती तिथं चढली होती.
त्याबद्दल त्यानं विचारलं नाही.
म्हणाला, डबा रिकामा केला.
उकळत्या पाण्यानं धुतला, सोड्यानं घासला,
आता त्यात नटबोल्ट ठेवतो.

"वास?"

"तो आहे की," म्हणाला,
आणि दुसरा हात पुढं केला,
या हाताची शीर
लवकर सापडते म्हणून.