चौथं पान

"मी कितव्या पानावर?" आपटीकरांनी विचारलं,
भाता मांडीवर उघडा,
ओठांत दोन स्क्रू.
चौथ्या, मी म्हटलं.
त्यांनी स्क्रू तळहातावर काढले.
"म्हणजे चौथी पंगत.
तोवर श्रीखंड संपतं, बाई,
आणि आमटीत पाणी पडतं."

मी विजयनगरात पाचव्या मजल्यावर बसते.
पोटापाण्यासाठी लोकांना वरच्या पंगतीला बसवते.
यजमान मी कधी पाहिला नाही.
वाढप्यांचे पाय तेवढे दिसतात, तेही पळताना.

तरी सांगितलं, जे सगळ्यांना सांगते:
गिऱ्हाइकाच्या ओठांवरचा शब्दच पाटीवर हवा.
दार लगेच उघडायला हवं,
तीन सेकंद थांबून माणूस पाठ फिरवतो.
आणि तुमचं नाव दुसऱ्यांनी घ्यायला हवं,
तेही ज्यांना चार लोक विचारतात अशांनी.
पैसे देऊन दहा टवाळांकडून घेतलेलं नाव
आज ना उद्या उघडं पडतं.

"यात नवीन काय?" ते म्हणाले.
"माझा बाप हेच सांगायचा.
फक्त सेकंद मोजत नव्हता."

मग मी पाटी लिहिली.
मराठीत विचार केला, तिथेच फसले.
'पेटी दुरुस्ती, इंदूर.'
आपल्या घरात पेटी सुरात असते.
बाकीच्या शहरात ती लोखंडाची,
पलंगाखाली, रजयांनी गच्च.

पंधरवड्यात फोन तिप्पट.
सियागंजातून एकाने विचारलं, पत्रा किती गेजचा लावता?
कुणाला बिजागरी हवी होती.
एक जण तर कमरेची पेटी घेऊन हजर,
बक्कल तुटलेलं, पँट हाताने धरलेली.
माफी मागायची म्हणून रामबागेत गेले

तर दुकानात शाहीन मन्सुरी, खजराण्याच्या,
रिक्षातून आणलेली आईची हिरवी पेटी,
झाकणावर दोन मोर,
कडी निखळलेली.
आणि आपटीकर जमिनीवर आडवे होऊन
कानशीने कडीची जीभ घासताहेत.
"रीडच आहे ही," म्हणाले,
"गात नाही, इतकंच."

रात्री बाईंनी पाच तारे दिले. खाली लिहिलं:
चाचा ने कुंडी बिठा दी, पैसे नहीं लिए,
ऊपर से हारमोनियम सुनाया.
त्याखाली त्यांच्या नणंदेने लिहिलं.
मग कुण्या शाळेच्या सरांनी,
ज्यांना प्रार्थनेला खरंच हार्मोनियम हवं होतं,
आणि त्यांच्या शाळेने आपल्या पानावर
दुकानाचं नाव टाकलं, पत्त्यासकट.

जूनमध्ये आम्ही दुसऱ्या पानावर.
ऑगस्टात पहिल्या, वरून सातवे.
साहेबांनी विचारलं, काय केलंस नेमकं?
मी तक्ता दाखवला: शीर्षक, वेग, दुवे.
कडीसाठी रकाना नव्हता.

आणि एका मंगळवारी सगळं हललं.
रात्रीतून कुणी कुठे काय बदललं, कळायला मार्ग नाही.
सकाळी आम्ही तिसऱ्या पानावर,
आमच्या वर ट्रंकवाले, बेल्टवाले,
आणि सुरतचा एक जण, जो पेट्या विकतो आंब्यांच्या.

हे सांगायला पाय उचलेना.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
चिमट्यात एक रीड धरली.
"हे बघा. टोकाशी घासलं की सूर चढतो.
मुळाशी घासलं की उतरतो.
तुमच्या यंत्राचं टोक कुठलं?"
मला सूरच ऐकू येतो, मी म्हटलं,
रीड कुणी दाखवत नाही.
"मग कठीण आहे," ते म्हणाले,
अगदी मनापासून, जसं एक कारागीर दुसऱ्याला म्हणतो,
आणि रीड खाचेत बसवून भात्याला हात घातला.
काळी चार. किंचित उतरलेली अजून.

मागे खुंटीवर तो कमरेचा पट्टा,
नवं बक्कल, कागदाची चिठ्ठी बांधलेली.
गुरुवारी नेतो म्हणालाय.