उजवा हात

त्सिआला मावशी भट्टीत वाकते तेव्हा
कमरेच्या वरची मावशी दिसेनाशी होते.
दोन क्षण नुसता पिठाळ झगा, लोकरीचे मोजे,
आणि आतून मिठाच्या पाण्याचा चर्र आवाज.
मग ती वर येते, लालबुंद,
आणि आतल्या भिंतीला
होडीच्या आकाराची एक शोती चिकटलेली असते.

हे सगळं मी एकवीस सेकंदांत बसवतो.
कुताइसीत अशा भट्ट्या गल्लोगल्ली,
पान मात्र आमचं आहे. चौदा हजार माणसं.
त्यातली रोज पाव न्यायला येतात ती सहा, फार तर सात,
आणि ती पान नव्हतं तेव्हाही यायची.

"तीन पिढ्यांची कला" असं मी वर लिहिलं.
मावशी म्हणाली, माझ्या आईनं जन्मभर पाव विकत आणला.
मी ट्रकच्या कारखान्यात दारांना रंग मारायचे.
कारखाना बसला, तेव्हा पलीकडच्या वालिकोकडून
शिकले हे. दोन कोंबड्या देऊन.
मी म्हटलं, कोंबड्यांना कोण लाइक करणार?
ती म्हणाली, चांगल्या होत्या कोंबड्या.

तिचं स्वतःचंही खातं आहे.
फोटो नाही, आडनावात एक अक्षर चुकलेलं.
मैत्रीण एकच. मारेखी, तिची लेक,
इटलीत कुणा म्हातारीला न्हाऊ घालते, भरवते,
रात्री तिच्याच खोलीत खाटेवर झोपते.
नववं वर्ष. कागद नाहीत;
इकडे आली तर पुन्हा तिकडे जाता यायचं नाही.

मावशी रात्री फोन पिठाच्या डब्याला टेकवते
आणि मारेखीच्या नावाजवळचा हिरवा ठिपका बघत बसते.
लिहीत नाही काही.
"जागी आहे," म्हणते, आणि दिवा मालवते.

रविवारी दोघी बोलतात.
तेव्हा मावशी लांब बाह्यांचं स्वेटर घालते,
जुलैतसुद्धा.
मला वाटायचं, लेकीसमोर जरा नीटनेटकं.

मग फेब्रुवारीतला तो व्हिडिओ.
बाही कोपराच्या वर सरकलेली.
मी उजेड बघितला. उडणारं पीठ बघितलं.
उजेड खरंच सुरेख पडला होता.
दोन लाख लोकांनी बघितला तो.
लाल बदाम, ज्वाळा, झेंडे,
सोलहून कुणीतरी विचारलं, पार्सल पाठवता का,
आणि त्या जत्रेत, खूप खाली, एक ओळ:
आई, हाताला काय झालं?

पानाची उत्तरं माझ्याकडे तयार असतात.
बोटं चालतात, डोळे पुढच्या ओळीवर.
"मनःपूर्वक आभार! दुकानाला जरूर भेट द्या."
पुढे पावाचं चित्र.
माझ्या लक्षात येऊन मी ते खोडेपर्यंत
अकरा जणांना आवडलंही होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.
फक्त हात माझा नव्हता.

सांगितलं मावशीला. ती कणीक मळत राहिली.
किती जणांनी बघितलं म्हणालास?
दोन लाख.
आणि विचारलं?
मी गप्प.

मंगळवार होता. भर दुपार, गिऱ्हाईक दारात.
तिनं हात पुसले, फोन डब्याला टेकवला,
आणि स्वेटर न घालता लेकीला लावला.
मनगटापासून कोपरापर्यंत बोट फिरवत सांगत गेली:
हा ईस्टरचा, हा लाकूड ओलं होतं तेव्हाचा,
हा तुझ्या वाढदिवसाचा, तू फोन केलास आणि मी घाईनं वळले.
तिकडे थोडा वेळ काहीच नाही.
मग मारेखीनंही बाही वर केली.
दंडावर चार नखं, ताजी.
म्हातारीला रात्री माणसं ओळखू येत नाहीत, म्हणाली.
पण गाते छान.

दोघी हात समोर धरून बसल्या होत्या,
बाजारात गाजरं दाखवावीत तशा.

माझा फोन खिशात होता, खरंच.
आत चार शोत्या करपायला लागल्या होत्या
आणि आकड्या भिंतीला टांगलेल्या,
आणि तीन वर्षं हे पान चालवूनही
त्या कशा काढायच्या
मला येत नव्हतं.