निरंक

मी करार टंकते. विद्यापीठाचा तिसरा मजला,
खिडकीत गोठलेलं तळं, टेबलावर वेलदोड्याचा पाव.
प्रोफेसर लोक शोध लावतात, कारखाने किंमत लावतात,
मी मधे स्वल्पविराम लावते.

चाळीस किलोमीटरवर हापाकोस्कीची कागदगिरणी
तेव्हा एका फुप्फुसावर श्वास घेत होती.
दुसरं यंत्र विकलं गेलेलं, बोल्टांसकट.
केस कापायला माणसं शेजारच्या गावी जात,
तिसरी-चौथीची पोरं एकाच वर्गात, एकाच बाईंपुढे.

साना ल्यूतिनेन आमच्याकडची. वय एकतीस, बोटांवर डाग.
तिचं म्हणणं: लाकूड शिजवून जो काळा काढा उरतो,
तो तुम्ही भट्टीत जाळून टाकता.
झाडाला ताठ उभं ठेवणारा चिकटा आहे त्यात.
त्याचा कोळसा करू, कोळशातून बॅटरी.
गिरणीवाले हसले नाहीत.
हसण्याइतकं काही शिल्लक नव्हतं.

करार झाला. सतरा पानं.
परिशिष्ट ब: कोण कोणतं पूर्वज्ञान घेऊन येतं, त्याची यादी.
विद्यापीठ: अडीच पानं, बारीक टाइपात.
गिरणीतून फोनवर कुणीतरी म्हणालं,
आमचं काय असणार, बाई? आम्ही लगदा करतो.
मी टंकलं: निरंक.

मग दोन हिवाळे.
काचेच्या भांड्यात शहाण्या मुलासारखा वागणारा कोळसा
गिरणीत गेला की गुठळ्या धरायचा.
दर वेळी नाही. तेच तर.
घोडं कुठे अडतंय ते एकाही आलेखात दिसेना.
अनुदानाचा तिसरा हप्ता लांबला.
सानाने नखं खाल्ली, मग बोटंच कुरतडू लागली.

त्या फेब्रुवारीत उर्हो केट्टुनेन,
छत्तीस वर्षं लाकडाच्या आवारात,
बोलणं मोजूनमापून, म्हणजे जवळजवळ नाहीच,
चाचणीच्या खोलीत विसरलेला थर्मास न्यायला आला.
बरणीचं झाकण उघडं होतं. त्याने हुंगलं.
"हा बर्च वसंतभर ढिगाच्या तळाशी होता. आंबलाय."
एवढंच. थर्मास उचलला, गेला.

साना त्याच्यामागे कोटाशिवाय बर्फात धावली.

पुढचं अहवालात आहे. त्रेसष्ट नोकऱ्या.
विकलेल्या यंत्राच्या जागी नवी भट्टी. न्हावी परतला.
तिसरी आणि चौथीच्या मधे भिंत उभी राहिली.
पाहुण्यांनी फीत कापली,
'प्रादेशिक विकासाचं इंजिन' भाषणात दोनदा आलं.
अहवालात नाही ते: गावातलं घरभाडं चढलं,
कँटीनमधली हिल्क्का आता बसने येते, पन्नास मिनिटं.
आणि पेटंटवर चार नावं.
चारही मी तपासली, अक्षर न् अक्षर.
उर्होचं नव्हतं.

आता नूतनीकरण. तेच परिशिष्ट, तोच शब्द.
कर्सर त्याच्या शेजारी उभा, डोळे मिचकावत.
मी शब्द खोडला. लिहिलं:
एक नाक. लाकडाचं आवार. छत्तीस वर्षं.

वकिलांकडून लाल शाईत परत आलं:
नाक हस्तांतरणीय नाही.
मी कळवलं: मग भाड्याने घ्या.

तीन आठवडे फाइल हलली नाही.
नंतर कुठून तरी एक ओळ उतरली, सही कुणाची ते लागत नाही:
दर गुरुवारी, दोन तास, मानधनासह.

काल बघायला गेले होते. उणे एकोणीस.
सात विद्यार्थी, हातांत ओंडक्यांच्या चकत्या, नाकं लाल.
उर्हो रांगेपुढून चालत होता, गप्प.
शेवटी एका मुलीने हात वर केला,
सर, नेमकं काय हुंगायचं?

त्याने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं.
थर्मासचं झाकण फिरवलं, तिला कॉफी ओतून दिली.
"सर्दी आहे तुला," म्हणाला.
"पुढच्या गुरुवारी ये."